चढावरचा सलाम

इघिल अझमूर या डोंगरावरच्या गावात वडीलधाऱ्या पुरुषाला ‘दा’ म्हणतात आणि बाईला ‘ना’. तिथली पोरंसोरं म्हणायची, दा अमोक्रानचा डावा पाय गाडीच्या बोनेटखाली राहतो. यात थट्टा होती तितकीच खरी गोष्टही होती. अंगावरून वारं गेल्यापासून त्याचा स्वतःचा डावा पाय नावापुरता उरला होता. चालताना तो मागून ओढत यायचा, बाजाराला न्यायच्या बकरीसारखा, मनात नसताना. डावा हात वर जायचा, पण धरायचा काही नाही. अशा माणसाने क्लच दाबायचा कसा आणि गाडी हाकायची कशी? म्हणून लेकीने, उनीसाने, फ्रान्समधून एक लहानशी राखाडी गाडी बोटीवर चढवून पाठवली. तिकडच्या रीतीने चाक डाव्या बाजूला, आणि पेडल दोनच होती. एक पळायचं, एक थांबायचं.

दोन पेडल बघून अमोक्रानचा जीव भांड्यात पडला. “ही ऑटोमॅटिक,” तो ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना म्हणाला, “आणि ऑटोमॅटिक म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.”

ते खरंच होतं म्हणा. जवानीपासून केस पिकेपर्यंत त्याने लियाँ शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात गाडी चालवली होती. काळ्या, लांबलचक, ऑटोमॅटिक गाड्या. लियाँलाही चढ आहेत. चढावर लाल दिवा लागला की अमोक्रान ब्रेकला शिवायचासुद्धा नाही. ॲक्सिलरेटर असा हलकेच दाबून धरायचा, झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा, आणि ती भलीथोरली गाडी चढावर टांगल्यासारखी जागच्या जागी उभी. मागे बसलेल्या साहेबाच्या पेल्यातलं पाणी हलायचं नाही. आयुष्यात त्याला कोणी शाबास म्हटलं असेल तर ते या एका कसबापायी. माणूस आपली शाबासकी विसरत नाही, आणि पाय तर त्याहून नाही.

त्याची बायको, ना देहबिया, या सगळ्या वर्षांत इथेच डोंगरावर. लग्न झालं, मेंदी उतरायच्या आत नवरा बोटीत बसला. मग दरवर्षी ऑगस्टात यायचा, गाडीच्या टपावर गाद्या आणि सायकली बांधून, आणि महिना सरला की जायचा. त्यांचा संसार म्हणजे नुसत्या ऑगस्टांची माळ. त्यात उनीसा झाली, वाढली, शिकून तीही बोटीत बसली. तो कायमचा परत आला तेव्हा दोघंही पिकलेली, आणि एकमेकांना पाहुण्यासारखी वागवणारी. ती विचारायची, “कॉफीत साखर किती घालू?” तो म्हणायचा, “तुझ्या मनाला येईल तेवढी.” ऑगस्टातलं तिला आठवत होतं, पण माणूस हिवाळ्यात कशी कॉफी पितो ते तिला कुठून ठाऊक असणार!

ओळख व्हायला लागली तेवढ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. तिने त्याला उठवलं, बसवलं, भिंतीला धरून चालवलं. तो जरा सावरला आणि तिची किडनी गेली. तिझी शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एक दिवसाआड यायचं, मशीनवर निजायचं, रक्त धुऊन घ्यायचं. पाणी घोटभर. सुकं अंजीर तर तोंडात धरायचं नाही. अंजिरावर वाढलेल्या बाईला अंजीर बंद! देहबिया म्हणाली, “मग मशीनला म्हणावं, चव तरी धू.”

तर गाडी आली ती यासाठी. तिला मशीनपर्यंत नेणारी आणि परत आणणारी. ती बंद पडली तर देहबियाचं काय, हे गावात सगळ्यांना कळत होतं, म्हणून पोरंसुद्धा त्या गाडीवर दगड मारत नसत.

गावात शिरायचा रस्ता शेवटच्या वळणाला उभा चढतो. चढाच्या एका अंगाला झरा, तिथे बाया पाण्याला आलेल्या. दुसऱ्या अंगाला गावसभेचा दगडी ओटा, तिथे म्हातारे उन्हाला बसलेले. त्यांच्यातून न थांबता जाणं म्हणजे घरात येऊन कोणाशी न बोलता झोपून जाण्यासारखं. गाडी थांबवायची, काच खाली करायची. उजवा हात बाहेर द्यायचा, समोरच्याच्या हाताला लावायचा आणि तोच हात आणून छातीवर ठेवायचा. मग तुझी तब्येत, पोरांची तब्येत, गाय व्याली का, पाऊस पडेल का. ओट्यावर जितके म्हातारे तितके हात. पलीकडच्या काचेशी बाया. देहबिया मशीनवरून पिळून आलेली असायची, कोणाच्या दारी जायची ताकद उरलेली नसायची. तिला माणसं भेटायची ती या चढावर, या काचेतून. बाया तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवायच्या. तिला न देण्यासारखं काही असलं तरी आत द्यायच्या.

“ना देहबिया, अंजीर घे, एकच.”

“आण. खाणार नाही, नुसता वास घेईन.” आणि ती खरंच वास घेऊन परत करायची. बाया हसायच्या आणि रुमालाने डोळेही पुसायच्या.

अमोक्रानचा पाय तेवढा वेळ ॲक्सिलरेटरवर. हलकेच, थोपटल्यासारखा. गाडी चढावर उभी.

या गाडीची एक खोड मात्र पहिल्या दिवसापासून होती. गिअर बदलताना ती क्षणभर श्वास रोखायची, आणि आतल्या दोघांच्या माना एकदम पुढे लवायच्या. पहिला गिअर, मान. दुसरा गिअर, मान. ओट्यावरचा दा वाली, अमोक्रानचा बालमित्र, तिथूनच ओरडायचा, “अरे, तुझी गाडी तुझ्याआधी सलाम करते! तुझ्यापेक्षा तिच्यावर संस्कार बरे झालेत!”

लियाँच्या गाड्यांना मान लववायची सवय नव्हती. हे अमोक्रानच्या लक्षात यायला हवं होतं. पण म्हाताऱ्याला वाटलं, लहान गाडी आहे, लहान माणसाला वाकावं लागतंच.

मग वास येऊ लागला. चढावर सलाम चालू असताना कुठूनतरी करपट वास. झऱ्यावरच्या बाया एकमेकींना विचारायच्या, “कोणाची भाकर करपली गं?” कोणाची करपली नव्हती. एके दुपारी देहबियाला घेऊन येताना, सलाम आटोपून अमोक्रानने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन बैलासारखं हंबरलं आणि गाडी हलेना. हलली ती मागे. म्हातारे ओट्यावरून उठले, काठ्या टाकल्या, खांदे लावले, आणि गाडी भिंतीला टेकवली. देहबियाला खुर्चीत बसवून घरी नेलं. ती खुर्चीतून म्हणाली, “लग्नात पालखी मिळाली नव्हती, ती आज मिळाली.”

खाली अझाझ्गा गावच्या स्लिमानकडे गाडी ओढून नेली. स्लिमान मेकॅनिक, कानामागे सिगारेट, बोलणं तोंडाळ पण हात सरळ. त्याने गाडीचं पोट उघडलं आणि काळी ठिक्कर पडलेली क्लचप्लेट अमोक्रानच्या पुढ्यात ठेवली.

“दा अमोक्रान, गाडीला काय खाऊ घातलंत? आत नुसता कोळसा आहे.”

“ऑटोमॅटिकला क्लचप्लेट कुठून आली?” अमोक्रान म्हणाला.

“ऑटोमॅटिक आहे कुठे ही? बसा. सांगतो.” स्लिमानने उपडी बादली पुढे सरकवली. “तुमच्या त्या हॉटेलच्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्या मधे तेल होतं. तेलाने भरलेला डबा, आत दोन पंखे समोरासमोर. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल फिरतं, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. ताकाच्या भांड्यात एक पळी गरागरा फिरवा, बाजूला सोडलेली दुसरी पळीही फिरायला लागते, होय ना? एकमेकींना न शिवता. तिथे चढावर पाय ठेवून उभं राहिलात तर काय होणार? तेल घुसळेल, तापेल, निवेल. घासत कोणी नाही.”

“आणि हिच्यात?”

“हिच्यात ते तेल नाही. खाली सगळं हाताने गिअर टाकायच्या जुन्या गाडीचंच आहे. तीच क्लचप्लेट, तेच गिअर. फक्त तुमच्या डाव्या पायाच्या जागी एक पंप बसवलाय आणि हाताच्या जागी दोन दांडे. एक डबा हुकूम सोडतो, पंप क्लच दाबतो, दांडे गिअर बदलतात. म्हणून तर मान लवते. क्लच सुटतो, तेवढा क्षण चाकांना ओढणारं कोणी नसतं. ऑटोमॅटिकच्या गिअरमधे अशी फट पडत नाही.”

“म्हणजे आत एक ड्रायव्हर बसलाय.”

“बसलाय, आणि तो बिचारा तुमच्या हुकुमाचा ताबेदार. तुम्ही चढावर ॲक्सिलरेटर धरून दा वालीशी गायीच्या गोष्टी करता. त्याला काय ठाऊक तुम्ही सलाम करताय? त्याला वाटतं, म्हाताऱ्याला चढायचंय. तो क्लच धड सोडत नाही, धड धरत नाही, अर्धवट घासत ठेवतो. जात्यात दाणा नाही आणि जातं फिरतंय.”

अमोक्रानने ती काळी चकती उचलली आणि पालथी करून बघितली. म्हणाला, “ब्रेकवर पाय ठेवला तर?”

“उत्तम. क्लच सुटा राहील. पण पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी हातभर मागे येईल. तेलाची गाडी पाय काढला तरी पुढेच रेटते, ही रेटत नाही. तेव्हा हँडब्रेक. आधी ओढा, मग सलाम. निघताना ॲक्सिलरेटर द्या, गाडीने जोर धरला की हँडब्रेक सोडा. बस्स. बायकोला मशीनवर न्यायचंय ना? मग हातात ब्रेक, आणि नंतर छातीवर हात.”

नवी प्लेट उनीसाने कोणा येणाऱ्याच्या पिशवीत घालून पाठवली. ती येईपर्यंत गावाने देहबियाला नेलं. आज याची गाडी, उद्या त्याची. कोणी बोलून दाखवलं नाही, पण अमोक्रानला मागच्या सीटवर बसून जाताना मान वर करवत नसे.

गाडी परत आली आणि वळण आलं. आता इथे ऐकायला सोपी वाटणारी गोष्ट करायला किती अवघड असते ते बघा. अमोक्रान ठरवून यायचा, आधी ब्रेक. पण गाडी पुरती थांबायच्या आतच दा वालीचा हात काचेतून आत आलेला असायचा. आलेला हात लटकत ठेवायचा आणि आपण खाली हँडब्रेकचा दांडा चाचपायचा? साठ-सत्तर वर्षांचा हात तो, आपणहून उठायचा, वालीच्या हाताला लागायचा, छातीवर जायचा. आणि पाय आपणहून ॲक्सिलरेटरवर. पुन्हा तो करपट वास. एकदा जपून नुसता ब्रेक दाबला, तर निघताना गाडी मागे घसरली, आणि मागे पाण्याचा कॅन घेतलेली ना फेरूजा किंचाळून गटारात उतरली.

त्या रात्री जेवताना देहबिया म्हणाली, “अहो, तुम्ही सलाम करा. तो दांडा माझ्याकडे.”

“तो तुझ्या डाव्या हाताला येतो.”

“येऊ दे की.”

“नर्सने काय सांगितलंय?”

नर्सने सांगितलं होतं ते दोघांना पाठ होतं. डाव्या हातात डॉक्टरांनी दोन नसा जोडून फिस्टुला केलेला. मशीनच्या सुया तिथेच टोचायच्या. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर निजायचं नाही, बांगडी घालायची नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून बघायचं, आत गुणगुण लागली पाहिजे. रक्त वाहतंय याची ती खूण. हे बघायचं काम अमोक्रानचं. उजाडलं की तो तिच्या हातावर बोटं ठेवून बसायचा. मधमाशी मुठीत धरावी तशी गुणगुण. “चालू आहे,” तो म्हणायचा. “मग चहा ठेवा,” ती म्हणायची.

“ओझं उचलू नको म्हटलंय,” देहबिया म्हणाली. “हे काय ओझं आहे? टोकाचं बटण दाबायचं, ओढायचं. ताक घुसळण्याहून हलकं.”

अमोक्रानने नको म्हणायला हवं होतं. तो नको म्हणाला, एकदा, आणि दुसऱ्यांदा म्हणाला नाही. कारण दुसऱ्या दिवशी वळण आलं आणि ती म्हणाली, “पुढे दा वाली आहे, हात काढा,” आणि खर्रकन दांडा वर आला, गाडी दगडासारखी उभी. त्याने निवांत सलाम केला. तिने उजवा हात बायांना दिला, डावा दांड्यावर. निघताना ती इंजिनाचा आवाज ऐकायची, नेमका जोर धरला की सोडायची, आणि गाडी पाण्यासारखी वर. एका महिन्यात ती अशी तरबेज झाली की तो पाय द्यायचा आणि ती हात द्यायची, मधे शब्द नाही. आयुष्यभरात त्या दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. जैतुनाची फळं झोडायला तो कधी नव्हता, घर बांधायला तो पैसे पाठवायचा, लेकीच्या वेळचं बाळंतपण तिने एकटीने काढलं. आता कुठे ती दोघं एका कामाला लागली होती, आणि ते काम सोडायला दोघांनाही जिवावर येत होतं.

दा वाली म्हणायचा, “पाय बोनेटखाली, हात बायकोचा. अमोक्रान, यात तुझं स्वतःचं काय आहे रे?”

“सलाम माझा,” अमोक्रान म्हणायचा.

हिवाळ्यात हँडब्रेकची तार ढिली पडली. दांडा आता खूप वर ओढावा लागायचा, दात आवळून. स्लिमान म्हणाला होता, “घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे, ताणून देतो.” अमोक्रान म्हणाला, जैतुनाचा हंगाम सरू दे. मग म्हणाला, पाऊस थांबू दे. देहबिया अंग तिरकं करून ओढायची. एकदा त्याने बघितलं, ओढताना तिने डोळे मिटले होते. त्याने विचारलं. ती म्हणाली, “मशीनवरून आलं की झोप येते हो.”

आणि एका सकाळी त्याने बोटं ठेवली, आणि मुठीत मधमाशी नव्हती.

त्याने बोटं हलवली. जरा वर, जरा खाली. कान लावला. देहबिया त्याच्या तोंडाकडे बघत होती. “चालू आहे,” असं तो म्हणाला नाही. आणि “मग चहा ठेवा,” असं तीही म्हणाली नाही. तिने डोक्याला रुमाल बांधला, त्याने किल्ली घेतली.

डॉक्टरीणबाईंनी हात दाबून बघितला, यंत्र लावून बघितलं. रक्ताची गाठ बसली होती. त्यांनी सरळच विचारलं, “या हाताने काही उचललंत? ओढलंत? कुठे हिसका बसला?”

अमोक्रानने तोंड उघडलं.

“नाही,” देहबिया म्हणाली. “मी काय उचलणार? घरात कामाला हेच.”

डॉक्टरीणबाईंनी अमोक्रानकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं. त्या क्षणी बोलला असता तर काय झालं असतं, काही नाही कदाचित. पण तो बोलला नाही, आणि न बोललेली गोष्ट त्या दिवसापासून गाडीत तिसरं माणूस होऊन बसली.

गाठ निघाली नाही. तिझीला प्रयत्न झाले, करायचे तेवढे झाले. मग मानेत नळी घातली, तिच्यातून मशीनला जोडू लागले. देहबियाला मान वळवता येईना. पहिल्या दिवशी तशी घरी येताना अमोक्रानने वळणावर काचा बंद ठेवल्या आणि गाडी थांबवली नाही. हिला कशाला त्रास. बाया झऱ्याशी उभ्या राहिल्या, म्हाताऱ्यांचे हात उठले आणि तसेच राहिले.

“का नाही थांबलात?” तिने विचारलं.

“तुला त्रास.”

“मी अजून आहे,” देहबिया म्हणाली. “गेल्यावर मग थांबवूच नका.”

पुढच्या खेपेला तो थांबला. तिचा डावा हात सवयीने खाली गेला. “हात लावू नकोस!” तो ओरडला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला असेल. त्याने आपल्या उजव्या हाताने दांडा खसकन ओढला आणि हात तिथेच ठेवला. काचेतून आत आलेला वालीचा हात अधांतरी राहिला. ओट्यावर सगळे बघत होते. अमोक्रानने वर बघितलं नाही, नुसती मान लववली.

वालीने आपला हात मागे घेतला, आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

“कसं आहे, अमोक्रान?”

“ठीक आहे, वाली.”

बस्स. कोणी रागावलं नाही. आभाळ कोसळलं नाही. एवढंच करायचं होतं; एक हात जरा वेळ लटकू द्यायचा होता. पहिल्याच दिवशी करता आलं असतं. पलीकडे बाया देहबियाचा हात धरून बोलत होत्या आणि अमोक्रान दांडा घट्ट धरून बसला होता, सोडला तर डोंगर खाली येईल असा.

नळीतून ताप शिरला. तो एकदा उतरला, परत चढला. बदाम फुलले होते तेव्हा देहबिया गेली, इस्पितळात, दुपारची, मशीनवर नसलेल्या दिवशी. गावाने तिला आणलं, न्हाऊ घातलं, खांद्यावरून नेलं. उनीसा बोटीची वाट न बघता विमानाने आली, तरी माती झाल्यावर पोचली. चाळिसाव्या दिवशी गावाला कुसकुसचं जेवण वाटलं. उनीसा म्हणाली, “बाबा, माझ्याकडे चला.” तो म्हणाला, “मी तिकडे पुष्कळ राहिलो गं.” ती रडली आणि गेली.

त्यानंतर एकदा अमोक्रान एकटाच तिझीला गेला. तिची उरलेली औषधं, न फोडलेली, परत द्यायची होती. कोणा गरजवंताला लागतील. ती दिली, आणि जायचं सोडून तो डॉक्टरीणबाईंच्या दाराशी उभा राहिला. आत बोलावलं तरी बसला नाही.

“तिने नाही म्हटलं होतं,” तो म्हणाला, “ते खरं नव्हतं. गाडीचा ब्रेक ती ओढायची. त्याच हाताने. कितीतरी महिने. मला ठाऊक होतं. तार ढिली झाली होती, तेही ठाऊक होतं.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मला माहीत आहे. त्यांनी सांगितलं होतं मला.”

“कधी?”

“त्याच्या पुढच्या खेपेला, तुम्ही गाडी लावायला गेला होतात तेव्हा. म्हणाल्या, डॉक्टरपासून लपवू नये, पण यांना कळू देऊ नका मी सांगितल्याचं. हे जिवाला लावून घेतील, गाडी थांबवायचं सोडतील. मग मला माणसं कुठे भेटणार?”

अमोक्रानने दाराची कड धरली. “मग... त्यानेच झालं का? ब्रेकने?”

“त्यांनीही हेच विचारलं होतं. त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मला माहीत नाही. झालं असेल. आपोआपही बंद पडतात. उशीवर हात ठेवून निजणाऱ्यांचेही पडतात. खोटं सांगून तुम्हाला सोडवू शकत नाही मी.”

“नाही,” अमोक्रान म्हणाला. “नका सोडवू.”

तो परत निघाला. वाटेत कोणाशी बोलायचं नव्हतं, आणि गाडीतही कोणी नव्हतं. प्रत्येक गिअरला त्याची एकट्याची मान लवत होती. वळण आलं. त्याने गाडी थांबवली, दांडा ओढला. ओट्यावरचे म्हातारे त्याच्याकडे बघून उठू लागले. पण त्याआधी झऱ्याकडून ना फेरूजा आली आणि सवयीने पलीकडच्या काचेशी उभी राहिली. तिथे सीट रिकामी. तिच्या ते लक्षात आलं, पण आता येऊन उभी राहिली होती, परत कशी जाणार! इतक्या वर्षांत ती अमोक्रानशी कधी थेट चार शब्द बोलली नव्हती. बायांनी बोलायचं ते देहबियाशी.

अमोक्रानने बटण दाबलं. ती काच खाली गेली.

“दा अमोक्रान,” फेरूजा म्हणाली, “जेवलास का आज?”

त्याने मान हलवली, नाही. मग तो रडू लागला, मोठ्याने, तोंड न झाकता, म्हाताऱ्यांच्या आणि बायांच्या देखत, गावाच्या चढावर. वाली काठी टेकत आला आणि ड्रायव्हरच्या काचेशी उभा राहिला. हात पुढे केला नाही. नुसता उभा राहिला. फेरूजाने दार उघडलं, पाण्याचा कॅन रस्त्यावर ठेवला, आणि ती सीटच्या कडेवर टेकली, पाय बाहेरच ठेवून.

अमोक्रानने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. चढावर त्याने ते आजवर कधी केलं नव्हतं. मागून भाजीची गाडी येऊन थांबली. आतल्या माणसाने जरा बघितलं, आणि त्यानेही आपलं इंजिन बंद केलं.